ऐकू येणे आणि कळणे : कॉक्लियर इम्प्लांटनंतर श्रवणक्षमता कशी मोजतात?

शस्त्रक्रियेची जखम भरून आली, की काही आठवड्यांनी कॉक्लियर इम्प्लांट प्रथमच सुरू केले जाते. आवाज होताच मूल दचकते, मान वळवते, कधी रडू लागते आणि शेजारी बसलेल्या आईवडिलांचे डोळे भरून येतात. पुढे ध्वनिरोधक खोलीत चाचणी होते आणि अहवालावर २५ किंवा ३० डेसिबल असा आकडा उमटतो. निकोप कानाच्या जवळपास जाणारा हा आकडा पाहून घरच्यांची समजूत होते, की आता सारे ऐकू येऊ लागले. काही महिन्यांनी शाळेतून तक्रार येते : हाक मारली तर वळून पाहतो, पण सांगितलेले त्याला कळत नाही.

अशा वेळी मूल हट्टी असतेच असे नाही आणि अहवालही खोटा नसतो. चाचणीने विचारलेला प्रश्न निराळा असतो. आवाज पोहोचतो का, हा एक प्रश्न. पोहोचलेल्या आवाजातून शब्द उलगडतो का, हा दुसरा. भोवती गलबला असतानाही तो उलगडतो का, हा तिसरा. या तिन्ही प्रश्नांची मोजमापे वेगळी आहेत आणि पहिल्याच्या उत्तरावरून उरलेल्या दोहोंचे उत्तर काढता येत नाही. जगभरात आजवर १० लाखांहून अधिक कॉक्लियर इम्प्लांट बसवली गेली आहेत. ती बसवणाऱ्यांचे शिक्षण, रोजगार आणि यंत्राची पुढील जुळवणी या मोजमापांवर अवलंबून असल्याने त्यांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

यंत्र काय देते, काय देऊ शकत नाही

अंतर्कर्णातील कॉक्लिया हा शंखासारखा वेटोळा अवयव आहे. त्यात ध्वनीचे संदेशात रूपांतर करणाऱ्या सुमारे ३,५०० अंतस्थ केशपेशी असतात. शंखाच्या तोंडाकडील पेशी उंच स्वरांना, तर टोकाकडील पेशी खालच्या स्वरांना प्रतिसाद देतात. तेथून श्रवण मज्जातंतूचे सुमारे ३०,००० तंतू हा संदेश मेंदूकडे नेतात. केशपेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या, की आवाज कितीही मोठा केला तरी तो स्पष्ट होत नाही. त्यामुळे साध्या श्रवणयंत्राचा उपयोग मर्यादित राहतो.

कॉक्लियर इम्प्लांट या पेशींना वळसा घालते. कानामागे लावलेला प्रोसेसर मायक्रोफोनमधून आलेला आवाज वेगवेगळ्या वारंवारतेच्या पट्ट्यांत विभागतो. त्वचेवर चुंबकाने धरलेल्या वेटोळ्यातून हा संदेश आतील भागाकडे जातो आणि कॉक्लियात सरकवलेल्या बारीक तारेवरील इलेक्ट्रोड मज्जातंतूला विद्युतस्पंद देतात. प्रचलित यंत्रांत असे १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. मात्र कॉक्लियातील द्रवात विद्युतप्रवाह पसरतो आणि शेजारशेजारचे इलेक्ट्रोड एकमेकांच्या हद्दीत शिरतात. परिणामी, २२ इलेक्ट्रोड असले तरी बहुतेकांना साधारण आठ स्वतंत्र वाहिन्यांइतकाच तपशील वापरता येतो.

इतक्या तुटपुंज्या तपशिलावर बोलणे कळते तरी कसे? अमेरिकी संशोधक रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून याचे उत्तर मिळाले. त्यांनी सामान्य श्रवणशक्ती असलेल्या व्यक्तींना केवळ मोजक्या पट्ट्यांत विभागलेले, स्वरांचा बारकावा काढून टाकलेले बोलणे ऐकवले. शांत खोलीत चार पट्ट्यांवरही वाक्ये मोठ्या प्रमाणात ओळखली गेली. इम्प्लांटच्या यशाचे रहस्य यात आहे आणि त्याची मर्यादाही यातच आहे. शांततेत थोडा तपशील पुरतो, पण गोंगाटातून एक आवाज वेगळा काढण्यास किंवा गाण्याची चाल ओळखण्यास तो अपुरा पडतो.

पहिले मोजमाप : आवाज पोहोचतो का?

श्रवण तपासणीचा पाया म्हणजे श्रवणालेख, अर्थात ऑडिओग्राम. साधारणपणे २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतचे शुद्ध स्वर हळूहळू कमी करत नेले जातात आणि व्यक्तीला जेमतेम जाणवणारी पातळी डेसिबलमध्ये नोंदवली जाते. आकडा जितका मोठा, तितका दोष अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार २० डेसिबलपेक्षा कमी पातळी सामान्य समजली जाते.

इम्प्लांट असलेल्या व्यक्तीची ही चाचणी हेडफोन लावून करता येत नाही, कारण तिचा ‘कान’ म्हणजे प्रोसेसरवरील मायक्रोफोन असतो. म्हणून तिला ध्वनिवर्धकासमोर ठरावीक अंतरावर बसवले जाते. बंद खोलीत एकसारखा शुद्ध स्वर भिंतींवरून परावर्तित होऊन कुठे मोठा, कुठे क्षीण होतो. त्यामुळे किंचित हेलकावणारा स्वर किंवा अरुंद पट्ट्यातील खरखर वापरली जाते. दुसऱ्या कानात काही श्रवणशक्ती शिल्लक असेल, तर त्या कानाने उत्तर देऊ नये म्हणून तो बंद करावा लागतो किंवा त्यात मुद्दाम वेगळा आवाज सोडावा लागतो. ही काळजी घेतली नाही, तर इम्प्लांटच्या नावावर दुसऱ्याच कानाचे गुण जमा होतात.

नीट जुळवलेल्या इम्प्लांटमध्ये ही पातळी बहुधा २० ते ३० डेसिबलच्या दरम्यान येते. मात्र हा आकडा बऱ्याच अंशी यंत्राच्या मांडणीतून येतो. मायक्रोफोन किती संवेदनशील ठेवला आहे आणि प्रत्येक इलेक्ट्रोडचा किमान प्रवाह किती ठरवला आहे, यावर तो वरखाली होतो. त्यामुळेच एकाच रेषेचा श्रवणालेख असलेल्या दोन व्यक्तींपैकी एक दूरध्वनीवर निवांत गप्पा मारते, तर दुसरीला समोरच्याच्या ओठांकडे पाहिल्याशिवाय संभाषण साधत नाही. श्रवणालेख निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ४,००० हर्ट्झच्या वरचे स्वर पोहोचत नसतील, तर ‘स’ ऐकू येणार नाही, हे तोच सांगतो. दार उघडे आहे एवढी खात्री त्यातून होते. आत काय पोहोचले, हे पुढच्या चाचण्यांतून कळते.

दुसरे मोजमाप : शब्द कळतो का?

या फरकाला इतिहासाचाही आधार आहे. पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी १९५७ मध्ये श्रवण मज्जातंतूला विजेने उद्दीपित करण्याचा पहिला प्रयोग केला. १९६१ पासून लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाऊस यांनी रुग्णांत इम्प्लांट बसवण्यास सुरुवात केली. वैद्यकीय जगतात त्यांविषयी तीव्र साशंकता होती. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने पिट्सबर्ग विद्यापीठात रॉबर्ट बिल्गर यांनी एकवाहिनी इम्प्लांट असलेल्या १३ जणांची काटेकोर तपासणी केली. १९७७ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष दुपदरी होता. ओष्ठवाचनास मदत, भोवतालच्या आवाजांची जाणीव आणि स्वतःच्या आवाजावर ताबा, हे लाभ खरे होते, परंतु केवळ ऐकून बोलणे कोणालाही कळत नव्हते. आवाज पोहोचत होता, शब्द पोहोचत नव्हता. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोड असलेले यंत्र बसवले आणि ओठ न पाहता शब्द ओळखण्याची वाट मोकळी झाली. काय साधले आणि काय साधले नाही, हे प्रामाणिकपणे मोजले गेल्यामुळेच या यंत्राला मान्यता मिळाली.

आज शब्दचाचणीत नेहमीच्या बोलण्याइतक्या पातळीवर, बहुधा ६० ते ६५ डेसिबलला, ध्वनिमुद्रित शब्द ऐकवले जातात आणि व्यक्तीने ते उच्चारून दाखवायचे असतात. प्रत्यक्ष आवाजापेक्षा ध्वनिमुद्रण अधिक विश्वसनीय ठरते. तपासणारी व्यक्ती नकळत सावकाश व स्पष्ट बोलते, ओठ दिसतात आणि दोन भेटींतील गुणांची तुलना करता येत नाही.

वाक्यांची चाचणी सोपी जाते, कारण संदर्भ मदतीला येतो. ‘आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटते’ यातील शेवटचा शब्द ऐकू आला नाही तरी मराठी माणूस तो भरून काढतो. सुटा शब्द अशी सवलत देत नाही. ‘कान’ सांगितल्यावर ‘पान’ असे उत्तर आले, तर शब्दाला शून्य गुण मिळतात. ध्वनीनुसार गुण दिले, तर मात्र तीनपैकी दोन ध्वनी बरोबर ठरतात आणि नेमकी चूक कोठे झाली तेही दिसते. त्यामुळे चुकांची यादी एकूण टक्केवारीइतकीच मोलाची असते. ‘दार’ आणि ‘धार’ यांत मुख्य फरक आवाजाच्या घडणीचा आणि श्वासाचा आहे. अशा, काळात उलगडणाऱ्या खुणा इम्प्लांट तुलनेने बरी पोहोचवते. ‘कान’, ‘पान’, ‘तान’ यांतील फरक उच्चाराच्या स्थानाचा आहे. तो स्वरपट्टीच्या बारकाव्यात दडलेला असल्याने इम्प्लांटवर तेथे अधिक गल्लत होते.

गुण वाचतानाही सावधगिरी हवी. चार चित्रांपैकी एकावर बोट ठेवायचे असेल, तर काहीही न ऐकता केवळ अंदाजाने २५ टक्के उत्तरे बरोबर येऊ शकतात. तसेच २५ शब्दांच्या यादीत प्रत्येक शब्द चार टक्क्यांचा असतो. गेल्या खेपेस १२ शब्द बरोबर होते आणि या खेपेस १५ झाले, तर ४८ वरून ६० टक्के अशी झेप दिसते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने मात्र एवढा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. लांब यादी आणि ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा घेतलेल्या चाचण्या, हाच त्यावरील उपाय होय.

तिसरे मोजमाप : गोंगाटात काय होते?

ध्वनिरोधक खोलीत कोणी राहत नाही. वर्गातील बाकांची सरकासरक, रेल्वे फलाटावरील घोषणा, लग्नघरातील गर्दी यांत बोलणे कळते का, हाच रोजच्या जगण्याचा प्रश्न असतो. त्यासाठी बोलणे आणि गोंगाट एकत्र ऐकवून चाचणी घेतली जाते. उत्तर बरोबर आले, की गोंगाट वाढवायचा किंवा बोलणे कमी करायचे. चुकले, की उलट करायचे. असे करत निम्मे बोलणे कळेल, अशा पातळीवर चाचणी स्थिरावते. तेथे बोलणे गोंगाटापेक्षा किती डेसिबल मोठे किंवा लहान होते, हा अखेरचा गुण असतो.

सामान्य कानाला गोंगाट बोलण्यापेक्षा काही डेसिबल मोठा असला तरी निम्मी वाक्ये कळतात. इम्प्लांट असलेल्या बहुतेकांना बोलणेच गोंगाटापेक्षा काही डेसिबल मोठे लागते. आकड्यांत हे अंतर लहान दिसते, पण गोंगाटात प्रत्येक डेसिबलमागे वाक्याचा मोठा भाग हातचा जातो. शांत खोलीत ९० टक्के गुण मिळवणारी व्यक्ती उपाहारगृहातील टेबलावर गप्प बसते, त्याचे कारण येथे सापडते. शिक्षकाच्या गळ्यातील मायक्रोफोनवरून थेट प्रोसेसरकडे आवाज पाठवणारे उपकरण एखाद्या विद्यार्थ्याला हवे का, याचा निर्णय या चाचणीच्या आधारे घेता येतो. शांततेतील गुण पाहून तो घेतला, तर गरज असलेले मूल वंचित राहते.

बाळ उत्तर देणार कसे?

वर्षभराचे बाळ शब्द उच्चारून दाखवू शकत नाही. सुमारे सहा महिन्यांनंतर आवाजाच्या दिशेने मान वळवल्यास चमकते खेळणे दाखवून त्याचा प्रतिसाद पक्का केला जातो. अडीच-तीन वर्षांचे मूल आवाज ऐकताच टोपलीत ठोकळा टाकायला शिकते. याखेरीज बाळाच्या उत्तराची गरजच नसलेल्या चाचण्याही आहेत. इम्प्लांट स्वतःच इलेक्ट्रोडचा विद्युतरोध मोजते आणि स्पंद दिल्यावर मज्जातंतूने दिलेला प्रतिसाद टिपून बाहेर पाठवते. मध्यकर्णातील स्नायूची प्रतिक्षिप्त क्रियाही मोजता येते. यंत्र व मज्जातंतू कार्यरत आहेत आणि प्रवाह अंदाजे किती ठेवावा, हे त्यातून कळते. बाळाला अर्थ कळतो का, हे मात्र त्यातून कळत नाही.

त्यासाठी पालकांच्या निरीक्षणांवर आधारित प्रश्नावल्या आणि श्रेणी वापरल्या जातात. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम येथे विकसित झालेल्या एका प्रचलित श्रेणीत ‘भोवतालच्या आवाजांची जाणीव नाही’ या शून्यापासून ‘ओळखीच्या व्यक्तीशी दूरध्वनीवर बोलतो’ या सातव्या पायरीपर्यंत प्रगती नोंदवली जाते.

घरी रोज करता येण्यासारखी एक तपासणी डॅनियल लिंग यांनी सुचवली. तिच्यात सहाच ध्वनी आहेत : म, ऊ, आ, ई, श, स. हे सारे मराठीत आहेत, हे सोयीचेच. ‘म’ आणि ‘ऊ’ खालच्या वारंवारतेचे, ‘श’ आणि ‘स’ वरच्या वारंवारतेचे, तर उरलेले मधल्या प्रदेशाचे प्रतिनिधी आहेत. मुलाला ओठ दिसणार नाहीत अशा बेताने, नेहमीच्या आवाजात, क्रम बदलत हे ध्वनी म्हणायचे. लहान मुलाने ऐकल्याची खूण करावी, मोठ्याने ध्वनी परत म्हणून दाखवावा. काल ओळखलेला ‘स’ आज सुटला, तर आधी बॅटरी, तार व मायक्रोफोन तपासावा आणि तरीही फरक पडला नाही, तर श्रवणतज्ज्ञांकडे जावे. मेंदूतील श्रवणमार्ग आयुष्याच्या पहिल्या साडेतीन वर्षांत सर्वाधिक लवचीक असतात. या काळात बिघडलेल्या मायक्रोफोनवर गेलेले दोन महिनेही स्वस्त नसतात.

चाचणी कोणत्या भाषेत?

भारतात या मोजमापाला आणखी एक पदर आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव येथील मराठी कुटुंबातील मुलाची चाचणी हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड किंवा इंग्रजी शब्दयादीवर होऊ शकते. अपरिचित शब्द चुकला, तर चूक कानाची की भाषेची, हे सांगता येत नाही. मराठीतील ‘ळ’ हिंदी यादीत तपासलाच जात नाही, त्यामुळे ‘माल’ आणि ‘माळ’ यांतील फरक मुलाला कळतो का, हे अज्ञात राहते. शब्दांच्या शेवटी बदलणारी लिंग-वचनाची रूपे मराठीत अर्थाचा मोठा भार वाहतात. ‘आला’, ‘आली’, ‘आले’ यांत केवळ अखेरचा स्वर बदलतो. तो ऐकू आला नाही, तर व्याकरण शिकण्याची वाटच खडतर होते. एकाच भाषेतही वऱ्हाडातील आणि कोकणातील घरगुती शब्द वेगळे असतात, म्हणून यादीतील शब्द मुलाच्या परिचयाचे आहेत ना, हे आधी पाहावे लागते.

यातून मार्ग आहेत. अंकांची चाचणी हा त्यांपैकी एक. गोंगाटात ‘चार, सात, दोन’ असे तीन अंक ऐकवून ते कळफलकावर दाबायला सांगितले जातात. अंक लहानपणीच पाठ होतात आणि शिक्षणाचा फारसा अडसर राहत नाही. मराठीत चार, पाच, सात आणि आठ या चारही अंकांत ‘आ’ हाच स्वर आहे. ते वेगळे ओळखायचे, तर व्यंजनच ऐकू यावे लागते. चित्रांवर किंवा पडद्यावरील शब्दांवर बोट ठेवण्याच्या चाचण्यांचा दुसरा लाभ असा, की ध्वनिमुद्रण मराठीत असेल तर मराठी न जाणणारा तज्ज्ञही ती घेऊ शकतो, कारण गुण संगणक मोजतो.

आकड्यावर काय अवलंबून असते?

इम्प्लांट कोणाला मिळावे, हे अनेक देशांत या गुणांवर ठरते. ब्रिटनने २०१९ मध्ये निकष बदलले. त्याआधी वाक्यांच्या चाचणीचा आधार घेतला जाई. आता श्रवणयंत्र लावूनही सुट्या शब्दांतील ध्वनी ५० टक्क्यांपेक्षा कमी ओळखले जातात का, हे पाहिले जाते. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेने २०२२ मध्ये वाक्यचाचणीची मर्यादा ४० वरून ६० टक्क्यांवर नेली आणि पूर्वी अपात्र ठरणाऱ्या अनेकांना दार खुले झाले. भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बधिरत्वाची व्याख्या दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारतांवर ७० डेसिबलचा ऱ्हास अशी आहे. शब्द किती कळतात, याचा त्या व्याख्येत उल्लेख नाही.

देशात जन्मजात बधिरत्वाचा शोध २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनही घेतला जातो. पात्र मुलांना केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था त्यासाठी समन्वयक म्हणून काम करते. शस्त्रक्रिया एकदाच होते, पण मोजमाप चालूच राहते. प्रत्येक इलेक्ट्रोडचा किमान आणि सुखद कमाल प्रवाह ठरवण्याच्या प्रक्रियेला मॅपिंग म्हणतात. गुण खालावले किंवा ठरावीक ध्वनी सातत्याने चुकू लागले, तर हा नकाशा बदलावा लागतो आणि कधी एखादा इलेक्ट्रोड बंदही करावा लागतो. प्रौढांचे गुण साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांत वेगाने वाढतात. ते तसे वाढले नाहीत, तर कारण शोधण्याची तीच वेळ असते.

म्हणून तपासणीनंतर पालकांनी किंवा स्वतः इम्प्लांट वापरणाऱ्यांनी डेसिबलच्या आकड्यावर समाधान मानू नये. सुटे शब्द किती टक्के कळले? चाचणी कोणत्या भाषेत आणि ध्वनिमुद्रित होती का? गोंगाटात घेतली का? कोणते ध्वनी चुकले? गेल्या खेपेपेक्षा फरक किती, आणि तो योगायोगापलीकडचा आहे का? हे पाच प्रश्न विचारण्यास पाच मिनिटे पुरतात. त्यांची उत्तरे अहवालात नोंदवून घेतली, तर पुढच्या भेटीत तुलनेला आधार मिळतो. हाकेला वळून पाहणाऱ्या, पण सांगितलेले न कळणाऱ्या मुलाची अडचण शाळेच्या तक्रारीपूर्वीच त्या कागदावर दिसू शकते.